पपईचा चीक, उंदराचं फुफ्फुस, माझं नाक

आयएलसी२ ही रोगप्रतिकारशक्तीतली एक दुर्मिळ पेशी ओळखायची म्हणजे आधी ती कोण नाही हे ठरवायचं. टी पेशी नाही, बी पेशी नाही, एनके नाही, मॅक्रोफेज नाही, इओसिनोफिल नाही. या सगळ्या रोगप्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या पेशींच्याच जाती. या प्रत्येक जातीला चिकटणाऱ्या अँटिबॉडी एकाच रंगात घेऊन त्यांचं मिश्रण करतात. लॅबमध्ये त्याला 'लिनिएज कॉकटेल' म्हणतात. त्या रंगात जे जे चमकेल ते सगळं बाजूला सारायचं. जे चमकलं नाही त्यातून पृष्ठभागावर सीडी४५ हे प्रथिन असलेल्या, मग सीडी९० असलेल्या, मग एसटी२ आणि सीडी२५ या खुणा असलेल्या पेशी निवडत जायचं. शेवटी फ्लो सायटोमीटरच्या, म्हणजे एकेका पेशीवरचे रंग मोजणाऱ्या यंत्राच्या, पडद्यावर वरच्या उजव्या कोपऱ्यात ठिपक्यांचा एक बारीक पुंजका उरतो. निरोगी उंदराच्या दोन्ही फुफ्फुसांत मिळून अशा पेशी असतात काही हजार. माझ्या पीएचडीची बहुतेक वर्षं त्या पुंजक्यामागे गेली.

या पेशींची ओळख होऊन तसा फार काळ झालेला नाही. २०१० मध्ये तीन वेगवेगळ्या गटांनी त्या जवळपास एकाच वेळी जगासमोर आणल्या: टोकियोच्या केओ विद्यापीठातला काझुयो मोरो आणि शिगेओ कोयासु यांचा गट, केंब्रिजमधला अँड्र्यू मॅकेन्झींचा आणि सॅन फ्रान्सिस्कोतला रिचर्ड लॉक्सलींचा. जपानी गटाला त्या आतड्याभोवतीच्या चरबीत सापडल्या, केंब्रिजच्या गटाने त्यांना आतड्यातले जंत हुसकावताना पकडलं. तिघांनी तीन नावं दिली. २०१३ मध्ये सगळ्यांनी बसून नावांची घडी बसवली तेव्हा 'ग्रुप २ इनेट लिम्फॉइड सेल' हे नाव पक्कं झालं. मी या विषयात त्यानंतर आले हे माझं नशीब, कारण आधीचे पेपर वाचताना अजूनही कागदाच्या समासात 'ही म्हणजे तीच' अशा टिपा लिहाव्या लागतात.

यात नवल ते काय, हे घरी समजावताना मी नेहमी परागकणांपासून सुरुवात करायचे. ॲलर्जीची शाळेत शिकलेली गोष्ट अशी: शरीर एखाद्या निरुपद्रवी गोष्टीला शत्रू समजतं, टी पेशी तिला ओळखतात, बी पेशी आयजीई नावाची अँटिबॉडी बनवतात, ती आयजीई हिस्टामिन साठवून ठेवणाऱ्या मास्ट पेशींवर जाऊन बसते, आणि पुढच्या खेपेला तीच गोष्ट आली की शिंका सुरू. या गोष्टीत प्रत्येक पायरीवर 'ओळख' लागते. आयएलसी२ दिसायला लिम्फोसाइटच, पण परागकण कुठले आणि धुळीतले किडे कुठले हे ओळखणारा रिसेप्टर तिच्यावर नाही. ती फक्त श्वासनलिकेच्या अस्तरातल्या पेशींची हाकाटी ऐकते. अस्तराला इजा झाली की त्या पेशींच्या केंद्रकात साठवलेलं आयएल-३३ हे निरोप पोचवणारं प्रथिन बाहेर सांडतं, सोबत टीएसएलपी आणि आयएल-२५ ही तशीच प्रथिनं असतात. आयएलसी२ ते ऐकते आणि काही तासांत आयएल-५ आणि आयएल-१३ ओतायला लागते. आयएल-५ मुळे इओसिनोफिल गोळा होतात, आयएल-१३ मुळे चिकट कफ वाढतो आणि श्वासनलिका आवळतात. म्हणजे दम्याचं अर्धंअधिक चित्र तयार, आणि तेही शत्रूची ओळख न पटवता.

सरांनी मला दिलेला प्रश्न यातूनच निघाला होता. एकदा भडकून शांत झालेली आयएलसी२ पुढच्या खेपेला जास्त जोरात का उठते? व्हँकुव्हरच्या फुमिओ ताकेईंच्या गटाने २०१६ मध्ये दाखवलं होतं की अशा पेशी महिनोन्‌महिने टिकतात आणि दुसऱ्यांदा वेगळाच ॲलर्जन, म्हणजे ॲलर्जी उठवणारा पदार्थ, दिला तरी पहिल्यापेक्षा जास्त प्रतिसाद देतात. ओळख नाही, पण आठवण आहे. त्या आठवणीत पेशीच्या आत नेमकं काय बदललेलं असतं, यातला एक लहानसा कोपरा मला बघायचा होता.

त्यासाठी आधी फॉर्म बी. प्राण्यांवरच्या प्रयोगाला संस्थेच्या प्राणी नीतिमत्ता समितीची परवानगी लागते, आणि त्या फॉर्मात प्रत्येक उंदराचा हिशोब द्यावा लागतो: किती, का, इतकेच का, याहून कमी का नाही, भूल कुठली, शेवट कसा. समितीतल्या एका ज्येष्ठ पशुवैद्यांनी मला विचारलं, "धुळीतले किडे सोडून पपई कशाला?" प्रश्न रास्त होता.

उत्तर असं. कच्च्या पपईला चिरा दिल्या की जो पांढरा चीक गळतो त्यात पपेन हे एन्झाइम असतं. मटण लवकर शिजावं म्हणून कच्च्या पपईचा तुकडा लावतात तो याच्याच भरवशावर, कारण पपेन प्रथिनं कापतं. ते श्वासातून गेलं की श्वासनलिकेच्या अस्तरावरही तेच करतं. पपेनची पूड हाताळणाऱ्या कामगारांना दमा होतो हे वैद्यकाला खूप आधीपासून माहीत आहे. धुळीतल्या किड्यांचा जो मुख्य ॲलर्जन, डर पी १, तो पपेनच्याच कुळातला. मग किड्यांचा अर्क का नको? कारण त्यात शंभर गोष्टी असतात, जिवाणूंचे अवशेषसुद्धा, आणि दर लॉटला प्रमाण बदलतं. पपेन एकटं आहे. शिवाय त्याला उकळून निकामी करता येतं, आणि उकळलेलं पपेन दिलं तर फुफ्फुस जवळजवळ शांत राहतं. प्रयोगाला तुलनेसाठी याहून चांगलं कंट्रोल मिळणार नाही. ज्येष्ठांनी मान डोलावली आणि उंदरांची संख्या थोडी कमी करायला लावली. तेव्हा राग आला होता. नंतर आकडेमोड पुन्हा केली तेव्हा कमी संख्येतही काम भागत होतं.

उंदीर हाताळायला मला शिकवलं ते प्राणीगृहातल्या काकांनी. पिंजरा उघडला की लगेच शेपटी धरायची नाही, आधी हात नुसता आत ठेवायचा, त्यांना हुंगू द्यायचं. आयसोफ्ल्युरेनची हलकी भूल, मग नाकपुडीच्या टोकाशी पिपेटने चाळीस मायक्रोलिटरचा थेंब. भूल बरोबर असेल तर उंदीर तो थेंब श्वासाबरोबर आत ओढतो. कमी असेल तर शिंकून उडवतो, जास्त असेल तर श्वास इतका संथ होतो की थेंब गिळला जातो आणि पोटात जातो. सगळं कौशल्य त्या मधल्या काही सेकंदांत. सलग काही दिवस डोस, मग लांबलचक विश्रांती, मग दुसरी खेप. आठवणीवरचा प्रयोग म्हटला की वाट बघणं आलंच. मध्ये दिवाळी येऊन जाते, लोक विचारतात काय चाललंय, आणि सांगण्यासारखं काहीच नसतं.

खरी परीक्षा सॉर्टिंगच्या, म्हणजे हव्या त्या पेशी यंत्राने वेगळ्या काढण्याच्या, दिवशी. पहाटे प्राणीगृहात जायचं. त्या सकाळी काय करावं लागतं ते आडपडदा न ठेवता सांगायला हवं: उंदीर मारावे लागतात. मी कधी त्याला सरावले नाही आणि सरावायचं ठरवलंही नाही. हृदयातून पीबीएस हे थंड खारं द्रावण सोडून फुफ्फुसातलं रक्त धुवायचं, गुलाबी फुफ्फुस पांढरंफटक होईपर्यंत. हे नीट झालं नाही तर रक्तातल्या पेशी फुफ्फुसातल्या म्हणून मोजल्या जातात. मग बारीक कातरून लायबरेझ आणि डीएनेझ या एन्झाइमांमध्ये ३७ अंशांवर ठेवायचं. कमी वेळ ठेवलं तर ऊती सुटत नाही. जास्त वेळ ठेवलं तर पेशींच्या पृष्ठभागावरच्या ज्या खुणांवर आपली सगळी भिस्त, त्याच झिजतात. सत्तर मायक्रॉनच्या जाळीतून सिरिंजच्या दट्ट्याने दाबून गाळायचं, तांबड्या पेशी फोडायच्या, सेंट्रिफ्यूज, पुन्हा धुणं, मोजणं, मग अँटिबॉडी भलतीकडे चिकटू नयेत म्हणून एफसी ब्लॉक, मग बर्फावर अंधारात अँटिबॉडीचं मिश्रण. दुपारी सॉर्टरचा स्लॉट असतो आणि तो चुकला तर पुढचा कधी मिळेल सांगता येत नाही, त्यामुळे जेवण म्हणजे कॉरिडॉरमध्ये उभ्याने खाल्लेली पोळीची गुंडाळी.

आणि इथे एक गोम आहे, जी पेपरातल्या 'पद्धती' या भागात कधी नीट कळत नाही. प्रयोग जितका यशस्वी, तितकं पेशी ओळखणं अवघड. पपेनने फुफ्फुस भडकलं की इओसिनोफिलांचा लोंढा येतो. इओसिनोफिल मुळातच स्वतःहून चमकतात आणि कुठलीही अँटिबॉडी अंगाला लावून घेतात. वायुकोशातले मॅक्रोफेजही तसेच. मेलेल्या पेशी तर सगळ्यालाच चिकटतात. म्हणजे आपल्याला हव्या त्या पुंजक्यात तोतये घुसायची शक्यता नेमकी त्याच उंदरात सर्वाधिक, ज्याच्यात आपल्याला वाढ दाखवायची आहे. म्हणून जिवंत-मृत ओळखणारा रंग हवाच, प्रत्येक महत्त्वाच्या रंगासाठी तो एक वगळून केलेली एफएमओ नळी हवी, आणि शेवटी पेशीच्या आत गाटा-३ आहे का हे वेगळ्या नमुन्यात बघायला हवं. गाटा-३ हे आयएलसी२चं केंद्रकातलं नियंत्रक प्रथिन, ते नसेल तर पृष्ठभागावर काहीही दिसो, ती आयएलसी२ नव्हे. एखाद्या पेपरात सुबक पुंजका आणि आयएलसी२ दहापट वाढल्याचा दावा दिसला की मी आधी त्यांचे एफएमओ शोधते. नसतील तर पान उलटते. हे उद्धट वाटेल, पण त्या कोपऱ्यातल्या ठिपक्यांसोबत इतके दिवस काढल्यावर दुसरं काही करवत नाही.

टी पेशींचं काय, हा प्रश्न प्रत्येक सेमिनारमध्ये ठरलेला. टी पेशींपैकी काही जणीही आयएल-५ आणि आयएल-१३ बनवतात. त्यासाठी रॅग१ हे जनुक नसलेले उंदीर वापरतात. त्यांच्यात टी नाहीत, बी नाहीत, आयएलसी२ मात्र आहेत, आणि पपेन दिलं की त्यांच्याही फुफ्फुसात इओसिनोफिल येतात. ताकेईंच्याच गटाने २०१२ मध्ये हे दाखवलं होतं. भक्कम पुरावा आहे. तरी मला तो नेहमी अर्धा वाटत आला. टी पेशी पूर्ण काढून टाकल्यावर आयएलसी२ एकट्याने काय करू शकते ते कळतं, सगळे हजर असताना ती काय करते ते कळत नाही. माणसाच्या फुफ्फुसात सगळे हजर असतात.

हे मला फार वेगळ्या वाटेने पटलं. दुसऱ्या खेपेच्या उंदरांचं काम चालू असताना प्राणीगृहात शिरल्यावर माझे डोळे खाजायला लागले. मग नाक गळणं. सुरुवातीला मी ते पुण्याच्या हिवाळ्यातल्या धुळीवर ढकललं. मग एके दिवशी पिंजऱ्यातला भुसा बदलताना हातमोज्याच्या वर, मनगटावर गांधी उठल्या. काकांनी बघितलं आणि म्हणाले, "लागली तुम्हालाही." त्यांच्या नोकरीत त्यांनी हे अनेकांच्या बाबतीत पाहिलं होतं. उंदरांसोबत काम करणाऱ्यांना त्यांचीच ॲलर्जी होणं हा या धंद्यातला जुना रोग आहे, आणि तो बहुधा पहिल्या दोन-तीन वर्षांतच डोकं वर काढतो.

डॉक्टरांनी हातावर टोचून चाचणी केली. धुळीतल्या किड्यांना काही नाही, झुरळाला काही नाही, हिस्टामिनच्या थेंबाखाली मात्र ठसठशीत फुगवटा, म्हणजे चाचणी चालू आहे. मग रक्तात उंदरासाठीची आयजीई तपासली. ती होती. सीबीसीच्या कागदावर इओसिनोफिलांचा आकडा वर गेलेला. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणजे इस्नोफिलिया? तो तर तुझ्या काकालाही होता." मी ज्या पेशींना पडद्यावर वर्षानुवर्षं तोतये म्हणत आले होते, त्या माझ्याच रक्तात जास्तीच्या निघाल्या.

उंदराचा मुख्य ॲलर्जन आहे मस एम १. हे प्रथिन त्याच्या यकृतात बनतं आणि लघवीतून बाहेर पडतं. लघवी भुशात वाळते आणि भुसा हलवला की धुळीबरोबर हवेत जाते. हे प्रथिन बनायला टेस्टोस्टेरॉनची चिथावणी लागते, त्यामुळे नरांच्या लघवीत ते मादीपेक्षा कितीतरी जास्त. सरांनी सुचवलं की यापुढे माद्याच वापर. आता गंमत बघा: २०१७ मध्ये दोन गटांनी दाखवलं होतं की पुरुषी संप्रेरकं आयएलसी२ला दाबून ठेवतात, म्हणून नर उंदरांच्या फुफ्फुसात त्या कमी आणि माद्यांमध्ये जास्त. लहानपणी दमा मुलग्यांमध्ये जास्त दिसतो आणि वयात आल्यावर बायकांमध्ये, याचा एक धागा तिकडे जात असावा असं मानतात. म्हणजे माद्या घेतल्या की माझ्या नाकाला त्रास कमी आणि सॉर्टरला पेशी जास्त. पण चालू प्रयोगात मधेच लिंग बदलता येत नाही. नरांचे गट होते तसे पूर्ण केले, एन९५ मास्क, बाह्यांचा गाऊन, पिंजरे फक्त हूडखाली उघडायचे अशा बंदोबस्तात, आणि माद्यांची मालिका पहिल्यापासून वेगळी उभी केली.

या काळात एक विचार मागे लागला. माझी ॲलर्जी म्हणजे अगदी पुस्तकी आयजीईची ॲलर्जी. टी पेशी, बी पेशी, ओळख, सगळं. तिथे माझ्या लाडक्या आयएलसी२चं काय काम? पण मास्ट पेशी फुटल्या की हिस्टामिनबरोबर प्रोस्टाग्लँडिन डी२ हे रसायनही सोडतात. आणि माणसाच्या आयएलसी२वर जी सीआरटीएच२ नावाची खूण असते, जिच्यावरून आम्ही ती ओळखतो, ती म्हणजे याच प्रोस्टाग्लँडिनचा रिसेप्टर. आयजीई मास्ट पेशीला सांगते, मास्ट पेशी आयएलसी२ला. सॅन दिएगोच्या एका गटाने मांजराची ॲलर्जी असलेल्या लोकांच्या नाकात मांजराचा ॲलर्जन सोडला, तेव्हा काही तासांत त्यांच्या रक्तातल्या आयएलसी२ वाढलेल्या दिसल्या. म्हणजे ओळख नसलेली पेशी ओळख असलेल्यांच्या सांगण्यावरून कामाला लागते. जन्मजात आणि संपादित अशी दोन प्रकरणं पुस्तकात वेगळी बांधलेली असतात, आणि आमच्या क्षेत्रातले निम्मे वाद त्या बांधणीमुळेच होतात असं माझं स्पष्ट मत झालं.

तेव्हा वाटलं, प्राणीगृहात जायच्या आधी आणि नंतर स्वतःचंच रक्त तपासावं. सरांनी साफ नकार दिला. परवानगी नाही, आणि एका माणसाच्या आकड्याचं करणार काय? शिवाय मुद्दाम त्रास ओढवून घ्यायचा. बरोबर होतं ते. थोडी चुटपुट राहिली.

पुढे एकदा पिंजरे बदलल्यानंतर रात्री छातीत घरघर झाली. फुंकण्याच्या चाचणीत आकडा खाली आला, पंप घेतल्यावर वर गेला. डॉक्टर म्हणाले, नाकापर्यंत होतं तोवर ठीक, आता फुफ्फुसाशी खेळू नका. राहिलेले डोस माझ्या ज्युनिअरने दिले, सॉर्टिंग मी केलं, प्रबंध झाला. दुसऱ्या खेपेला आयएलसी२ जास्त आयएल-१३ बनवतात हे आमच्याकडेही दिसलं, नरांत कमी, माद्यांत जास्त. कुठली जनुकं उघडी राहतात यावरचं काम ज्युनिअर पुढे नेतो आहे.

मी आता उंदीर सोडून माणसाच्या नाकाकडे वळले आहे. नाकातल्या पॉलिपमध्ये, म्हणजे अस्तराच्या मऊ वाढीत, आयएलसी२ भरपूर असतात हे ॲम्स्टरडॅमच्या गटाने २०११ मध्येच दाखवलं होतं. रक्तात त्या शोधायच्या म्हणजे दहा हजार लिम्फोसाइटमागे जेमतेम काही, पण पॉलिपच्या तुकड्यातून काम होण्याइतक्या मिळतात. एरवी तो तुकडा शस्त्रक्रियेनंतर तपासणीला जातो आणि उरलेला टाकून देतात. उरलेला आम्ही मागून घेतो. त्यासाठी वेगळी नीतिमत्ता समिती, वेगळं संमतिपत्र, आणि मुख्य म्हणजे माणसाशी बोलणं, ज्याची सवय उंदरांमुळे पार गेली होती.

गेल्या महिन्यात एक मावशी होत्या. कागद वाचून दाखवला, सही घेतली, तरी त्या माझ्याकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, "भाकरी करपली तरी कळत नाही गं मला. हे काढल्यावर वास येईल का?" मी म्हटलं, ते तुमचे डॉक्टर सांगतील मावशी, मी नुसती तपासणीवाली. पण उत्तर थोडंफार मलाही ठाऊक होतं. शस्त्रक्रियेनंतर बऱ्याच जणांना वास परत येतो आणि बऱ्याच जणांना पॉलिपही परत येतात. आयएल-४ आणि आयएल-१३ दोन्हींची वाट अडवणारं ड्युपिलुमॅब हे औषध २०१९ पासून अमेरिकेत यासाठी मान्य आहे. काम करतं. त्याची किंमत मावशींना सांगून उपयोग नव्हता.

नव्या कामात नवी अडचण म्हणजे स्टेरॉइड. रक्तस्राव कमी व्हावा, पॉलिप आक्रसावा म्हणून सर्जन आधी काही दिवस प्रेडनिसोलोन देतात. पेशंटसाठी ते योग्यच. पण त्याने इओसिनोफिल पळतात आणि आयएलसी२ही रोडावतात, मग माझ्या नळीत उरतं काय? देऊ नका म्हणायचा मला हक्क नाही. म्हणून ज्यांना मधुमेहामुळे किंवा इतर कारणाने स्टेरॉइड दिलेलं नाही त्यांची नोंद रेसिडेंटकडून घेऊन ठेवते. येत्या मंगळवारी दोन शस्त्रक्रिया आहेत, त्यातल्या एका पेशंटला दिलेलं नाही असा निरोप आला आहे. सॉर्टर दुपारी तीन ते सहा आपल्याकडे आहे, आणि लायबरेझची शेवटची बाटली ज्युनिअरने वापरली नसेल तर सगळं जमून येईल.